पार्सल एक, हिशोब दोन

ट्रान्सफर प्रायसिंगचे निकाल वाचताना एक गोष्ट मला सारखी जाणवते. नफा किती झाला यावर फारसा वाद नसतो. त्याला भागायचं कशाने, यावर असतो. एक साधा हिशोब करून बघू. आकडे माझेच, समजण्यापुरते.

मुंबईची एक कंपनी निर्यातदाराचा माल न्हावा शेवाहून हॅम्बुर्गला पाठवते. तिथली डिलिव्हरी तिच्याच समूहातली कंपनी करते. ग्राहक १ लाख रुपये देतो. जहाज, ट्रक, बंदर मिळून खर्च ८० हजार. उरलेले २० हजार दोघी निम्मे-निम्मे घेतात. मालवाहतुकीच्या धंद्यात ही रीत आहेच. मुंबईला मिळाले १० हजार. पगार, ऑफिस वगैरे ८ हजार गेले. नफा २ हजार.

आता हा नफा किती टक्के? स्वतःच्या ८ हजारांवर मोजला तर २५. पण भाडं आणि हॅम्बुर्गचा वाटाही खर्चात धरला, तर खर्च होतो ९८ हजार आणि नफा जेमतेम २ टक्के! आयकर अधिकारी म्हणतात, "इतर कंपन्या ५ टक्के कमावतात, तुमचे ४,९०० हवेत." म्हणजे उत्पन्नात २,९०० रुपयांची भर. हेच पैसे हॅम्बुर्गच्या नफ्यातही मोजलेले असले, की कर दोनदा.

२०१३ साली ली अँड फंग प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की दुसऱ्यांनी केलेला खर्च करदात्याच्या खर्चात मिळवून त्यावर नफा मोजता येणार नाही. पण आपल्या उदाहरणातलं भाडं कंपनीच्याच वह्यांत आहे, म्हणून प्रश्न उरतोच. तिथे बघायचं ते हे, की जोखीम कुणाची? जहाजातली जागा कंपनीने स्वतःच्या जोखमीवर आधी घेऊन ठेवली असेल, तर भाडं तिचाच खर्च. ग्राहकाच्या वतीने नुसतं भरलं असेल, तर नाही.

२०१४ मध्ये टोल ग्लोबल फॉरवर्डिंगच्या प्रकरणात दिल्लीच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने निम्म्या वाटणीची पद्धतच मान्य केली. एकमेकांशी संबंध नसलेल्या कंपन्याही असंच वाटतात, हा त्यातला कळीचा मुद्दा. शेवटी कायद्याची कसोटी तीच आहे: नातं नसतं, तर काय ठरलं असतं?

म्हणून असा वाद वाचताना टक्केवारी नंतर बघा. आधी छेद बघा.