खोट्या चिठ्ठीमागचा खरा रानपिंगळा

रानपिंगळा नामशेष झाला असावा, असे अनेक पक्षितज्ज्ञांनी मनोमन मान्य केले होते. १८८४ नंतर या छोट्या घुबडाचा एकही खात्रीलायक नमुना कोणाच्या हाती लागला नव्हता. ११३ वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तो तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ पुन्हा दिसला. या शोधाची सुरुवात मात्र रानात नव्हे, तर संग्रहालयाच्या कपाटात झाली होती. ती करणाऱ्या संशोधिकेचे नाव पामेला रासमुसेन.

समुद्रपक्ष्यांकडून भारताकडे

१९५९ मध्ये जन्मलेल्या रासमुसेन यांचा प्राणिशास्त्रातील प्रवास समुद्रपक्ष्यांपासून सुरू झाला. दक्षिण अमेरिकेतील निळ्या डोळ्यांच्या पाणकावळ्यांवरील संशोधनासाठी कॅन्सस विद्यापीठाने त्यांना १९९० मध्ये पीएच.डी. दिली. पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत त्या डॉ. एस. डिलन रिप्ले यांच्या सहायक झाल्या. भारतीय पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ डॉ. सलीम अली यांच्यासमवेत सिद्ध करणारे ते हेच रिप्ले. दक्षिण आशियातील पक्ष्यांची नवी मार्गदर्शिका तयार करण्याची त्यांची इच्छा होती. आजारपणामुळे ते काम त्यांच्याकडून पुढे सरकेना, तेव्हा ती जबाबदारी रासमुसेन यांच्यावर आली.

चोरीचा नमुना

मार्गदर्शिकेसाठी जुने नमुने तपासताना ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्त्सहागेन यांच्या नोंदी त्यांना खटकू लागल्या. गुजरातेतील मांडवी येथे १९१४ मध्ये आपण रानपिंगळा टिपला, असा त्यांचा दावा होता. पक्षी भरून ठेवण्याची प्रत्येक संग्राहकाची पद्धत वेगळी असते. कापूस कसा भरला, टाके कसे घातले, यावरून हात ओळखता येतो. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी क्ष-किरणांच्या साह्याने हा नमुना तपासला. तो खानदेशातील ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये मिळवलेला निघाला. संग्रहालयातून तो चोरून, पुन्हा भरून, त्याला नवी चिठ्ठी लावण्यात आली होती.

या एका खोट्या चिठ्ठीची किंमत मोठी होती. तिच्यावर विश्वास ठेवला तर शोध भलत्याच भागात भरकटणार होता. मांडवी बाद झाल्यावर उरली ती जुनी, खरी ठिकाणे.

बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह रासमुसेन यांनी पूर्वेकडील जुनी ठिकाणे आधी पालथी घातली. तेथे काही हाती लागले नाही. मग हा चमू सातपुड्याच्या पायथ्याशी आला आणि शहाद्याजवळ भर दिवसा रानपिंगळा नजरेस पडला. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळपास कोरा, पंखांवरचे व शेपटीवरचे पट्टे मात्र ठसठशीत. ज्या पक्ष्याचे जगात मोजके सात नमुने, त्याचे जिवंत चित्रीकरण त्या दिवशी झाले.

शोधानंतर

ग्रेट निकोबारमधील एका छोट्या घुबडाची नवी प्रजाती म्हणून नोंद रासमुसेन यांनीच १९९८ मध्ये केली. चित्रकार जॉन अँडरटन यांच्यासह सिद्ध केलेली ‘बर्ड्स ऑफ साउथ एशिया : द रिप्ले गाइड’ ही द्विखंडी मार्गदर्शिका २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पक्ष्यांच्या आवाजांचे आलेखही होते. अनेक उपजातींना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा दिल्याने तिच्यावर वादही झडले.

रानपिंगळा त्यानंतर मेळघाटात आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. तरीही तो संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. सागाची जी कोरडी जंगले त्याला हवीत, ती तुटत चालली आहेत. शंभर वर्षे हरवलेला पक्षी सापडला, पण तो टिकवायचा तर त्याचे रान टिकले पाहिजे. ते काम संग्रहालयात होणारे नाही.