टेल्युरियम आधी, आयोडीन नंतर

माझी नात हैदराबादला नववीत शिकते. तिने फोनवर विचारलं, "आबा, टेल्युरियमचं अणुवस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचं १२६.९. मग सारणीत जड टेल्युरियम आधी कसं?"

फौजेत परेडला हुकूम होतो, 'लंबा दाहिने, छोटा बाएँ', आणि रांग लागते. पण त्या रांगेवरून वायरलेसवाला कोण आणि लंगरचा आचारी कोण, हे कळत नाही. मेंडेलीव्हने १८६९ साली ६३ मूलद्रव्यं वजनाने लावली, तेव्हा तीच अडचण आली. आयोडीनचा एक अणू हायड्रोजनच्या एका अणूशी जोडतो, क्लोरीन आणि ब्रोमीनसारखा. टेल्युरियमला दोन लागतात, गंधकासारखे. वजनाचा हट्ट धरला असता तर दोघंही परक्या घरात गेले असते. त्याने घराणं पाळलं आणि म्हटलं, टेल्युरियमचं वजनच चुकीचं मोजलं असणार.

इथे मात्र तो चुकला. वजन बरोबर होतं, क्रमाची कसोटी वेगळी होती.

ती सापडली हेन्री मोजलेला. १९१३ साली मँचेस्टरमध्ये त्याने एकेका मूलद्रव्याचे क्ष-किरण मोजले. त्यांच्या वारंवारतेचं वर्गमूळ पुढच्या प्रत्येक मूलद्रव्याला जवळपास सारख्या पायरीने वाढत होतं. ही पायरी म्हणजे अणुकेंद्रातला एकेक प्रोटॉन, अणुअंक. कोबाल्ट आणि निकेलचीही वजनाने अशीच उलटापालट होती. मोजणीत कोबाल्ट २७ आणि निकेल २८ निघालं. त्याच नियमाने टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. बाहेरच्या कक्षेत टेल्युरियमचे ६ इलेक्ट्रॉन, आयोडीनचे ७. गण ठरतो तो यावरून. वजनात फरक पाडतात न्यूट्रॉन. निसर्गातल्या टेल्युरियममध्ये १२८ आणि १३० वस्तुमानाचे अणू निम्म्याहून जास्त आहेत, आयोडीन मात्र सगळं १२७चं.

मी स्वतः सिग्नल्सचा, म्हणून पुढचं सांगताना आवाज जरा जड होतो. महायुद्ध सुरू झाल्यावर मोजले प्रयोगशाळा सोडून रॉयल इंजिनियर्समध्ये सिग्नल अधिकारी झाला. १० ऑगस्ट १९१५ रोजी तो गॅलिपोलीत मारला गेला. वय २७. त्याच मोहिमेत आपले शीख आणि गुरखा सैनिकही लढत होते.

त्याने ४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या दाखवल्या होत्या. ७५ नंबरचं ऱ्हेनियम १९२५ साली मिळालं, ४३ नंबरचं टेक्नेशियम १९३७ साली. ६१ला १९४५ उजाडलं, दुसरं महायुद्ध संपत होतं तेव्हा.