नंदू नाटेकर (१९३३–२०२१)

जन्म सांगलीचा. सुरुवात टेनिसने, ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. त्या पराभवाचे आभारच मानायला हवेत! १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. राष्ट्रीय विजेतेपदं १७: एकेरीत ६, दुहेरीत ६, मिश्र दुहेरीत ५. अर्जुन पुरस्काराच्या पहिल्याच, १९६१ च्या यादीत नाव. सारी जादू मनगटात. आव स्मॅशचा, पण शटल अलगद जाळीलगत पडायचं आणि समोरचा मागच्या रेषेवरच खिळलेला असायचा. २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात निधन. वडिलांनी सोडलेलं टेनिस मुलगा गौरवने उचललं. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससह दुहेरीचं सुवर्ण जिंकलं.