मीठ, काजू आणि बदलण्याची ताकद

वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्याचे नाव इतिहासात आले ते मे 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे, आणि साहित्यात आले ते वि. स. खांडेकरांनी 1920 ते 1938 या काळात इथे मास्तरकी केली म्हणून. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत मात्र ते कुठे सापडायचे नाही. तरीही त्या शास्त्रात गेली तीसेक वर्षे घोळत असलेला प्रश्न इथल्या मिठागरांना नेमका लागू पडतो: काल ज्यावर पोट चालत होते ते आज बाजाराला नको झाले, तर धंद्याने काय करावे?

मायकेल पोर्टरचा भर 1980 साली उद्योगात मोक्याची जागा धरण्यावर होता. वर्नरफेल्ट (1984) आणि बार्नी (1991) यांनी नजर कंपनीच्या आत वळवली. दुर्मीळ, मौल्यवान, नक्कल करायला अवघड असे तुमच्यापाशी काय आहे, हा त्यांचा सवाल. पण 1992 मध्ये डोरोथी लेनर्ड-बार्टन यांनी दाखवून दिले, की कंपनीला मोठे करणारे कसबच पुढे तिच्या पायातली बेडी होते. डेव्हिड टीस, गॅरी पिसानो आणि एमी शुएन यांचा 1997 चा गाजलेला लेख याच पेचावर आहे. आतल्या-बाहेरच्या क्षमता जोडण्याची, घडवण्याची आणि परिस्थिती पालटली की नव्याने मांडण्याची ताकद, म्हणजे ‘डायनॅमिक केपेबिलिटीज’. 2007 मध्ये टीस यांनी तिचे तीन भाग केले: संधी हेरणे, ती साधणे आणि घडी पुन्हा बसवणे.

टीकाही लगेच झाली. आयझेनहार्ट आणि मार्टिन (2000) म्हणाले, यात गूढ काही नाही. नवे उत्पादन काढणे, भागीदारी करणे, अशा ओळखीच्याच रीती आहेत या. सिडनी विंटर यांनी 2003 मध्ये बजावले, की ही ताकद बाळगायलाही खर्च येतो. कधी कधी वेळ मारून नेणेच स्वस्त पडते. मला सगळ्यात खटकतो तो यातला गोल फिरणारा तर्क: टिकला त्याच्यात ताकद होती, आणि ताकद होती हे कशावरून, तर तो टिकला.

आता मिठागरात या. भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचे, शेवटच्या वाफ्यात दाणा धरला की ओढून बांधावर रास घालायची. आणि हे सगळे पावसाच्या आत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या कसबात खोट नव्हती. बदलले ते गिऱ्हाईक आणि कायदा. 1983 मध्ये टाटांचे पाकिटातले मीठ आले. खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यावर 1998 मध्ये देशभर बंदी आली, 2000 मध्ये उठली, 2006 मध्ये पुन्हा बसली.

टाटा केमिकल्सचे गुजरातेतले मिठापूरही समुद्रकाठचेच. 1939 साली स्थापन झालेल्या या कंपनीचा मुख्य माल सोडा ॲश. बॉयलरला गोडे पाणी हवे म्हणून समुद्राचे पाणी आटवताना शुद्ध मीठ हाती लागले, आणि त्या जोडमालाचा घरोघरी पोचणारा ब्रँड झाला. हेरणे, साधणे, घडी बसवणे, सगळे त्यात आले. पण त्यामागे भांडवल, प्रयोगशाळा आणि देशभरचे विक्रेते होते. चार वाफ्यांच्या मालकाला ‘तू का नाही बदललास’ असे विचारणे म्हणजे निव्वळ उद्धटपणा.

ही ताकद कंपनीतच असते, हे सिद्धान्ताचे गृहीतक इथे लंगडे पडते. त्याला उत्तर याच तालुक्यात आहे. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र 1957 चे. कोकणात काजू बियांपासून लावत. झाडागणिक बी लहानमोठी, उत्पन्नाचा भरवसा नाही. केंद्राने निवडी आणि संकर करून ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ अशा जाती दिल्या. या जाती वाढवायच्या त्या कलमाने: पिशवीतल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला उभा काप द्यायचा, चांगल्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायची. शेतकऱ्याने फक्त हे कलम विकत घेतले; बदलाचा खर्च आणि चुकण्याचा धोका सरकारी संस्थेने पत्करला.

मिठासाठी अशी संस्था नव्हती असे नाही. केंद्रीय मीठ संशोधन संस्था 1954 पासून आहे, पण ती तिकडे गुजरातेत, भावनगरला. छोट्या धंद्यांची बदलण्याची ताकद मोजायची असेल, तर मोजणाऱ्याने मालकाच्या ताळेबंदाआधी तालुक्यात अशी संस्था आहे का, ते पाहावे.