आधी ऊब, मग दूध

आषाढातील संध्याकाळ होती. लोणावळ्यात सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. दवाखाना बंद करण्याच्या सुमारास भांगरवाडीतील एक आजी आल्या; पंचाहत्तरी ओलांडलेल्या, मधुमेहाच्या जुन्या रुग्ण. पदराखाली मांजराचे पिल्लू होते. डोळे मिटलेले, नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला चिकटलेला. “डॉक्टर, उताणे धरून चमच्याने गाईचे दूध पाजले, तर ते नाकातून आले. आता हे गार पडत चालले आहे.”

माझे लक्ष मात्र त्यांच्या मनगटाकडे गेले. तेथे रक्ताळलेले दोन ओरखडे होते. भिजलेल्या सरपणातून पिल्लू उचलताना मांजरीने ओरखडले आणि ती पळून गेली. दुपारपर्यंत वाट पाहूनही परतली नाही.

“आधी याचे बघा,” आजी म्हणाल्या.

“त्याच्यासाठी पशुवैद्यकांना फोन लावतो, पण आधी तुमचा हात.”

मांजरीपासूनही रेबीज होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना लावू नये. लसीच्या ठरलेल्या सर्व मात्रा घ्याव्यात. रक्त आले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. मधुमेहींची जखम लवकर चिघळते, हेही ध्यानी असावे. आजींना त्याच रात्री शासकीय रुग्णालयात पाठवले.

पिल्लाविषयी पशुवैद्यकांनी जे सांगितले, ते वाचकांनाही उपयोगी पडेल. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण म्हणतो. त्यामुळे एकटे दिसलेले प्रत्येक पिल्लू पोरके नसते. ते कोरड्या, सुरक्षित जागी असेल तर दुरून वाट पाहावी. भिजलेले किंवा गारठलेले असेल तर मात्र लगेच उचलावे, तेही हातमोजे किंवा जाड टॉवेल वापरून.

नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. म्हणून आधी ऊब, मग दूध. पिल्लू कोरडे करून खोक्यात ठेवावे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकडल्यास ते दुसरीकडे सरकू शकेल. गाईचे दूध देऊ नये. त्याने हगवण लागते. मांजराच्या पिल्लांसाठीची दूधभुकटी मिळते. ते दूध कोमट करून, पिल्लाला पोटावर ठेवून, दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्यावे. उताणे पाजल्यास दूध फुप्फुसात जाऊ शकते. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हळुवार पुसावे. त्याविना पिल्लाला लघवी-शौच होत नाही.

दर दोन-तीन तासांनी उठणे वृद्धांना झेपणारे नाही. अपुऱ्या झोपेने तोल जातो, औषधे चुकतात. म्हणून आजींना मी एकच अट घातली: रात्रीची पाळी शेजारच्या कॉलेजकन्येने करायची.

सातव्या दिवशी लसीची तिसरी मात्रा घेऊन आजी दवाखान्यात आल्या. ओरखडे सुकले होते, साखरही आटोक्यात होती. सोबतच्या मुलीने खोक्याचे झाकण अलगद उचलले. पिल्लाच्या एका डोळ्याची फट किंचित उघडली होती.