पिकअपच्या हौद्यासाठी फवारणीचे अस्तर : निवड, पूर्वतयारी आणि तपासणी

शेतमालाच्या वाहतुकीत बैलगाडी व ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बरोबरीने पिकअप वाहनाने आता आपले स्थान पक्के केले आहे. जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे. या परिसरातील एकच पिकअप पावसाळ्याच्या तोंडाशी खताच्या गोण्या वाहते, खरिपानंतर धान नेते आणि हिवाळ्यात ओल्या वाटाण्याच्या शेंगांनी भरून मंडईत उभी राहते. इंजिन व टायर यांची काळजी बहुतेक वाहनधारक घेतात. मात्र ज्या हौद्यावर प्रत्यक्ष कमाईचा भार असतो, त्याचा पत्रा दुर्लक्षित राहतो. काही पावसाळ्यांत तो गंजून चाळणीसारखा होतो आणि कर्जाचे हप्ते संपण्यापूर्वीच तळ बदलण्याची वेळ येते. हे टाळण्यासाठी हौद्यात फवारून बसविण्याच्या अस्तराचा पर्याय उपलब्ध आहे. तथापि, अस्तराचे आयुष्य डब्यावरील नावापेक्षा पत्र्याची पूर्वतयारी आणि लेपाची जाडी यांवर अधिक अवलंबून असते.

हौदा का गंजतो?

पत्र्यावरील रंग गोण्या ओढल्याने, फावड्याच्या घावाने आणि खडी-मुरुमाच्या घर्षणाने खरचटतो. उघड्या पडलेल्या लोखंडाला पाणी व हवा मिळताच गंज सुरू होतो. खतामुळे त्याचा वेग वाढतो. युरिया ३० अंश सेल्सिअस तापमानात हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांच्या वर गेली की हवेतील ओलावा शोषून विरघळू लागतो. युरिया व म्युरेट ऑफ पोटॅश एकत्र सांडल्यास हीच क्रिया सुमारे ६० टक्के आर्द्रतेलाच सुरू होते. म्हणजे पाऊस नसतानाही पावसाळी हवेत खताचा सांडलेला चुरा पत्र्यावर खारट पाण्याचा थर तयार करतो. पोटॅश खतातील क्लोराइड पत्र्याला खोल खड्डे पाडते. शेणखत, जनावरांचे मूत्र व भाजीपाल्याचा रस यांचाही असाच परिणाम होतो.

अस्तराचे प्रकार

फवारणीच्या अस्तरात मुख्यतः दोन रसायनगट येतात. पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट व पॉलिऑल या घटकांची, तर पॉलियुरियामध्ये आयसोसायनेट व अमाइन यांची अभिक्रिया होते. पॉलियुरियाची अभिक्रिया काही सेकंदांत पूर्ण होत असल्याने त्यावर हवेतील ओलाव्याचा परिणाम कमी होतो. पॉलियुरेथेनच्या बाबतीत मात्र ओलावा आयसोसायनेटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतो व लेपात बुडबुडे राहतात. दोन्हींचे मिश्र प्रकारही मिळतात.

पॉलियुरिया इतक्या लवकर घट्ट होतो की तो ब्रशने किंवा साध्या स्प्रेगनने लावता येत नाही. दोन्ही घटक साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, उच्च दाबाने बंदुकीच्या तोंडाशीच मिसळणारे यंत्र त्यासाठी लागते. त्यामुळे ‘पॉलियुरिया’ म्हणून साध्या कॉम्प्रेसरवर मारला जाणारा लेप नेमका कोणता आहे, याची चौकशी अवश्य करावी. डब्यातून मिळणारे, ब्रश, रोलर किंवा साध्या गनने लावण्याचे दोन घटकी पॉलियुरेथेन लेप तुलनेने स्वस्त असतात. मात्र ते पातळ बसतात व अपेक्षित जाडीसाठी अनेक थर द्यावे लागतात. वाहनाच्या खालच्या बाजूस मारला जाणारा डांबरी लेप हौद्याच्या तळासाठी उपयोगाचा नाही. उन्हात तो मऊ होतो व मालाला चिकटतो.

रंगाच्या दृष्टीनेही फरक आहे. ॲरोमॅटिक प्रकारचे अस्तर उन्हाने फिकट व पांढुरके होते. ॲलिफॅटिक प्रकार रंग टिकवतो, परंतु महाग असतो. मालवाहू वाहनासाठी काळ्या रंगाचे ॲरोमॅटिक अस्तर सहसा पुरेसे ठरते, कारण वरचा रंग उडाला म्हणून पूर्ण लेप लगेच निकामी होत नाही.

जाडीचा हिशेब

हौद्याच्या तळासाठी साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडी योग्य मानली जाते. ही जाडी खरोखर मिळते की नाही, हे साध्या गणिताने तपासता येते. द्रावक नसलेल्या लेपाचा १ लिटर १ चौरस मीटर क्षेत्रावर १ मिलिमीटर जाडी देतो. उदाहरणार्थ, २.५ मीटर लांब, १.७ मीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच बाजू असलेल्या हौद्याचे आतील क्षेत्र सुमारे ८ चौरस मीटर होते. त्यावर सरासरी २.५ मिलिमीटर जाडीसाठी, वाया जाणारा भाग वगळून, २० लिटर साहित्य लागेल. कारागिराने केवळ ८ लिटर साहित्य वापरले असल्यास सरासरी जाडी १ मिलिमीटरपेक्षा अधिक असणे शक्य नाही. लेपात द्रावक असेल तर सुकल्यावर जाडी आणखी घटते. घन भाग ६० टक्के असल्यास १ लिटरपासून ०.६ मिलिमीटरच थर मिळतो. म्हणून दरपत्रक घेताना ‘पूर्ण हौदा’ एवढ्यावर न थांबता सुकल्यानंतरची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. लोखंडावरील लेपाची जाडी चुंबकीय मापकाने, लेपाला छिद्र न पाडता मोजता येते. तळ, कोपरे व फाळक्याची आतील बाजू अशा किमान आठ-दहा ठिकाणी मोजणी करावी.

इतर पर्यायांशी तुलना

वरील हौद्यात २.५ मिलिमीटर अस्तराचे वजन २० ते २२ किलो भरते. केवळ तळावर ३ मिलिमीटर जाडीचा चेकर्ड पत्रा बसविल्यास सुमारे १०० किलो वजन वाढते आणि प्रत्येक फेरीत तेवढा माल कमी नेता येतो. दगड, विटा किंवा लोखंडी अवजारे सतत वाहणाऱ्या वाहनाला मात्र पत्राच अधिक उपयुक्त ठरतो. कारण टोकदार जड वस्तू आपटल्यास कोणतेही अस्तर फाटू शकते. केवळ क्रेटमधून भाजीपाला नेणाऱ्यास रबरी मॅट पुरेशी व स्वस्त पडते. अट एवढीच की ती वारंवार उचलून खालचा पत्रा धुवावा व कोरडा करावा. खते, धान्य, ओला भाजीपाला व शेणखत असा मिश्र माल वाहणाऱ्यांसाठी फवारणीचे अस्तर सर्वाधिक लाभदायक आहे, कारण ते पत्र्याला सलग चिकटते व खाली पाणी साचू देत नाही.

पूर्वतयारी

गंजावर मारलेले अस्तर गंज थांबवत नाही, तो झाकते. आतला गंज वाढत राहतो आणि तळ खचेपर्यंत वाहनधारकाच्या लक्षात येत नाही. म्हणून पुढील क्रम कटाक्षाने पाळावा.

१. खताचे क्षार निघून जाण्यासाठी हौदा भरपूर गोड्या पाण्याने धुवावा व पूर्ण वाळवावा. तेल व ग्रीस द्रावकाने पुसून काढावे.

२. कुजलेला पत्रा कापून वेल्डिंगचे व छिद्रांचे सर्व काम अस्तरापूर्वीच उरकावे. अस्तर बसल्यानंतर वेल्डिंग केल्यास लेप जळून विषारी वायू निर्माण होतात.

३. गंजलेला भाग ग्राइंडरने किंवा ब्लास्टिंगने उघड्या धातूपर्यंत साफ करावा. कारखान्यातील रंग घट्ट असल्यास तो काढण्याची गरज नाही. मात्र त्याची चकाकी सर्वत्र घासून घालवावी. गुळगुळीत रंगावर अस्तर पकड घेत नाही.

४. उघड्या धातूवर अस्तर उत्पादकाने सुचविलेला प्रायमर त्याच दिवशी मारावा.

५. पाणी निघून जाण्याची छिद्रे व दोर बांधण्याची कडी मोकळी ठेवावीत.

रिछाईसारख्या औद्योगिक क्षेत्राजवळ राहणाऱ्यांना येथे एक सोय आहे. १९६९ साली सुरू झालेल्या वाहन निर्माणीमुळे जबलपूरला मालवाहू वाहनांच्या कामाची परंपरा लाभली आहे. अस्तराची कार्यशाळा निवडताना पत्राकाम, ब्लास्टिंग व फवारणी ही कामे कमीत कमी खंडाने होतील, हे पाहावे. उघडा केलेला पत्रा रात्रभर दमट हवेत राहिल्यास त्यावर पुन्हा गंजाची पुटी धरते.

योग्य काळ

पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक असावे व आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी असावी, हा लेपनकामाचा सर्वमान्य नियम आहे. हवा २८ अंश व आर्द्रता ८५ टक्के असताना दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. अशा वेळी किंचित थंड पत्र्यावरही न दिसणारा ओलावा बसतो. त्यामुळे जबलपूर परिसरात, तसेच अशाच पावसाच्या भंडारा-गोंदिया पट्ट्यात, जुलै ते सप्टेंबर हा काळ टाळावा. ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा मार्च-एप्रिल अधिक योग्य आहे. हिवाळ्यात सकाळचे दव ओसरल्यावर आणि उन्हाळ्यात सावलीत काम करावे.

सुरक्षितता

फवारणीच्या वेळी हवेत पसरणारे आयसोसायनेट श्वसनमार्गाला घातक असून त्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क संरक्षण देत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा, हातमोजे व पूर्ण अंगरखा आवश्यक असतो. शेतकऱ्यांनी हे काम घरच्या शेडमध्ये करू नये. कामगारांना ही साधने न देणारी कार्यशाळा पूर्वतयारीतही काटकसर करण्याचा संभव असतो.

अस्तर बसविल्यानेही कीटकनाशक व अन्नधान्य एकत्र नेण्यास मोकळीक मिळत नाही. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार कीटकनाशकांचा अन्नपदार्थ किंवा पशुखाद्याशी थेट संपर्क येईल अशी वाहतूक वा साठवण करता येत नाही. अस्तराच्या खरखरीत पृष्ठभागात सांडलेले औषध अडकून राहते आणि द्रावकयुक्त औषधे लेपाला मऊही करतात. औषधांसाठी काठ असलेला स्वतंत्र प्लास्टिक ट्रे वापरावा.

देखभाल

खताच्या प्रत्येक फेरीनंतर हौदा झाडून धुवावा. दर तीन महिन्यांनी कडा, कोपरे व फाळक्याच्या बिजागरांजवळील भाग तपासावा. नाण्याने ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास तेथे लेप सुटला आहे असे समजावे. चिरलेली जागा कापून, घासून, त्याच गटातील दुरुस्ती-लेपाने लगेच भरावी. हौद्याच्या खालील बाजूस हे अस्तर नसते; त्यामुळे आडव्या पट्ट्यांत अडकलेला चिखल पावसाळ्यानंतर काढून गंजरोधक प्रायमर व रंग द्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना मार्गदर्शन करताना चार प्रश्न लिहून द्यावेत : लेप कोणत्या गटातील आहे, सुकल्यावरची जाडी किती, पत्रा कोणत्या पद्धतीने साफ करणार आणि सुटलेल्या लेपाची हमी किती काळ व कोणत्या अटींवर. या चारही प्रश्नांची लेखी उत्तरे देणाऱ्या कार्यशाळेचा दर थोडा अधिक असला तरी, गंजावर झाकण म्हणून मारलेल्या स्वस्त लेपापेक्षा तो खर्च कमीच ठरतो.