सहलीतलं प्रेम आणि सोमवार

पावसाळा लागला की पुण्यातल्या तरुणांचे पाय भोर आणि वेल्ह्याकडे वळतात. कोणी राजगड-तोरणा करतो, कोणी रायरेश्वराच्या पठारावर जातो, कोणी वरंधा घाटात भिजतो. गटात दहा-बारा जण, त्यातले निम्मे अनोळखी. परतीच्या गाडीत मात्र दोघे मुद्दाम शेजारी बसतात आणि स्वारगेट येऊच नये असे त्यांना वाटते. घरची मोठी माणसे म्हणतात, ‘सहलीतलं खूळ आहे, चार दिवसांत उतरेल.’ खरेच उतरते का?

आधी हे खूळ चढते कसे ते पाहू. डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांचा कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरचा प्रयोग १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ७० मीटर उंचीवरच्या झुलत्या पुलावर एका तरुणीने पुरुषांना काही प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. तो घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. कमी उंचीच्या भक्कम पुलावर मात्र १६ पैकी दोघांनीच केला. छाती धडधडली दरीमुळे, श्रेय मिळाले तरुणीला! राजगडाच्या बालेकिल्ल्याचा उभा चढ चढताना कोणी हात पुढे केला, तर दुसरे काय होणार?

मग हे सगळे फसवेच म्हणायचे का? तसे नाही. ग्रेगरी व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८१ मध्ये असे आढळले, की अशा धडधडीत आवडणारे माणूस जास्त आवडते आणि नावडते जास्त नावडते. म्हणजे चढ मुळात असेल तेच वाढवतो.

दुसरे कारण गप्पांचे. १९९७ मध्ये अ‍ॅरन यांनीच दाखवले, की टप्प्याटप्प्याने मनातले बोलायला लावणारे प्रश्न एकमेकांना विचारले, तर पाऊण तासात अनोळखी माणसांनाही जवळीक वाटू लागते. संजीवनी माची उतरून तोरण्याकडे निघालेल्यांना तर अख्खा दिवस मिळतो. शिवाय पाणी संपत आले की कोण वाटून पितो आणि मागे राहिलेल्यासाठी कोण थांबतो, तेही दिसते.

दिसत नाही ते सोमवारी दिसते. नोकरी, कर्ज, आईचे आजारपण आणि मुख्य म्हणजे जात. गडावर एका डब्यातली पिठलं-भाकरी खाताना जो प्रश्न कोणी विचारत नाही, तो घरी पहिला विचारला जातो. खरी परीक्षा तिथे आहे. घरच्यांना तोंड द्यायची वेळ आली की एक जण गप्प होतो का, हे पाहावे. घाई करू नये. पुन्हा भेटावे, एकमेकांच्या घरी जावे, पैशांचे बोलून घ्यावे.

एवढ्यावरही दोघे ठाम असतील, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यांच्या पाठीशी आहे. मुलाला २१ आणि मुलीला १८ वर्षे पूर्ण हवीत. दोघांपैकी एकाचे निदान ३० दिवस वास्तव्य असलेल्या जिल्ह्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचे आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. सज्ञान व्यक्तींच्या पसंतीत कुटुंबाने वा जमातीने आडवे येऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

तेव्हा आईबाबांनो, ‘खूळ’ म्हणण्याआधी मुलांना एकच विचारा : गड उतरून किती दिवस झाले?